आलिमांगोचं दहावं गाणं

११ जुलै २०२५, शुक्रवार

चोर! मी चोर! अठरा वर्षं बोटीवर काढली, केबिनमधला साबण कधी घरी आणला नाही, आणि आज सत्तावन्नाव्या वर्षी मनिलात बसलेला एक माणूस मला जगासमोर चोर म्हणतो!

गौरवी सकाळी पर्वरीला ऑफिसला निघाली होती, ती दारातून परत आली. मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. "बाबा, हो तुजो रोडेल न्हय?" रोडेलच. आलिमांगो बँडचा गिटारवाला. केस पांढरे, पोट सुटलेलं, गळ्यात चांदीची साखळी. मुलाखत घेणारी पोरगी विचारते, तुमच्या तिसऱ्या रेकॉर्डचं दहावं गाणं कुठं गेलं? आणि हा हसत हसत सांगतो — "बोटीवर आमचा एक साउंडवाला होता, सगुण, गोव्याचा. चांगला माणूस. पण टेप घेऊन गेला."

चांगला माणूस म्हणे! वर टेप घेऊन गेला! चार लाख लोकांनी पाहिलंय हे. खाली लोकांचे शेरे. एकाने लिहिलंय, इंडियन ना, विकली असेल. शी! पुढचे वाचलेच नाहीत.

गेल्या चवथीला चुकून चंद्र पाहिला होता की काय कोण जाणे. विमलाने पेज वाढली, तशीच ठेवून उठलो.

१२ जुलै

पेटी आल्मारीवरून खाली काढली. सहाच्या सहा टेपा आहेत. प्रत्येक डबीवर माझ्या हातचा आकडा. ही पेटी रोडेलने स्वतः माझ्या हातात दिली होती — "तू ठेव, आमच्याकडे सीडी आहे, कस्टमवाले उगाच उघडून बसतील." शब्द न् शब्द आठवतो मला. घेऊन गेला म्हणे!

१५ जुलै, मंगळवार

विमला म्हणते, "बरोवन काडात, तकली थंड जातली." तर लिहितो.

आलिमांगो म्हणजे तिकडच्या भाषेत कुर्ली. चिखलातली, मोठ्या नांग्यांची. चार जण, बटांगास नावाच्या बंदरातल्या एकाच गल्लीतले. पहिली कॅसेट त्र्याण्णवची, एका गोदामात दोन दिवसांत केलेली. तांदळाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचं एक गाणं होतं त्यात, ते म्हणे मच्छी बाजारात, बसमध्ये, सगळीकडे वाजायचं. दुसरी शहाण्णवची. कंपनीने सांगितलं, जरा गोडगोड करा. व्हायोलिनं घातली, कोरस घातला, कुणी विकत घेतली नाही. कंपनीने हात झटकले. मग एजंटाने नव्याण्णव साली त्यांना आमच्या बोटीवर आणून सोडलं.

पांढरे कोट, काळे बो. रोज संध्याकाळी पावणेसातला दुसऱ्यांची गाणी. म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तीच तीच बारा गाणी, सात वर्षं! साउंडच्या टेबलामागून मी रोज ऐकायचो आणि मला उलटी यायची बाकी राहायची. एकाही प्रवाशाने कधी म्हटलं नाही, बाबांनो, तुमचं काहीतरी वाजवा.

२००६ साली नोनोय — गाणारा तो — माझ्या टेबलापाशी आला. "सगुण, आमची रेकॉर्ड करतोस?" बोट बंदराला लागली की प्रवासी फिरायला उतरायचे आणि थिएटर रिकामं पडायचं. सकाळी अकरा ते दुपारी तीन. मी वरच्या साहेबाला विचारलंच नाही. कळलं असतं तर पुढच्या बंदरात बॅग घेऊन उतरवला असता. माझ्या टेबलावरून थेट डॅटच्या डिजिटल टेपेवर — आगपेटीहून जराशी मोठी असते ती. तीन महिन्यांत नऊ गाणी. आज तिकडची पोरंबाळं ज्याची पारायणं करतात, ती तिसरी रेकॉर्ड हीच. पाच टेपांवरची नऊ गाणी सीडीवर घालून मीच त्यांना दिली होती.

दहावं नोनोयने एकट्यानेच म्हटलं. गिटार घेऊन, स्पीकरच्या पेटीवर बसून. जानेवारीत त्याला मुलगी झाली होती आणि त्याने ती फक्त फोटोत पाहिली होती. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज चिरला. "उद्या परत घेऊ," म्हणाला. ते राहिलं ते राहिलंच. आजारी पडून उतरला, तीन वर्षांनी गेला. ते गाणं सहाव्या टेपेवर आहे, जगात दुसरीकडे कुठंच नाही.

आणि रेकॉर्डच्या पाकिटावर माझं नाव? नाही. 'समुद्रावर ध्वनिमुद्रित' एवढंच. जसं काय समुद्रानेच बटणं दाबली!

१९ जुलै

गौरवीने माझ्या पाठीमागून रोडेलला मेसेज केला होता. आज त्याचा व्हिडिओ कॉल. "ब्रो! ब्रदर!" — एकोणीस वर्षांनी ब्रदर आठवला. मनिलातली एक कंपनी तिन्ही रेकॉर्डी नव्याने काढतेय, सोबत जाडजूड पुस्तक. मूळ टेपा पाहिजेत. मुख्य म्हणजे दहावं गाणं. त्याच्या जाहिराती आधीच सुरू झाल्यात!

मी म्हटलं, ज्या तोंडाने चोर म्हणालास त्याच तोंडाने, त्याच ठिकाणी सांग की पेटी तूच दिलीस. तो हसला. "अरे, ती गंमत होती." मी फोन बंद केला. माझ्या अब्रूची गंमत!

विमला स्वयंपाकघरातून म्हणाली, "धाडून दियात नी! तुमका त्यो टेपी कित्याक? लोणच्याक?"

हिला काही कळत नाही.

२३ जुलै, बुधवार

नोनोयच्या मुलीचा मेसेज. लिगाया तिचं नाव. एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकते. मला 'तितो सगुण' म्हणते. तितो म्हणजे काका.

लिहिते — "पपा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही. त्यांचा आवाज मी फक्त लोकांसाठी गाताना ऐकलाय. ते एक गाणं माझ्यासाठी होतं असं आई सांगते. मला कंपनीशी घेणंदेणं नाही. तुम्ही ते फक्त मला पाठवलंत तरी चालेल. एकदाच ऐकीन."

तीनदा वाचलं. गौरवी झाली तेव्हा मीही बोटीवर होतो. पहिल्यांदा घेतली तेव्हा सात महिन्यांची, आणि मला बघून जी किंचाळली! विमलाच्या पदराआडून चार दिवस बाहेर आली नाही.

पण मग डोक्यात किडा वळवळला. या पोरीला रोडेलनेच पुढं केलं नसेल कशावरून? मेलेल्या मित्राची पोरगी पुढं करायची, म्हणजे गोव्याचा म्हातारा पाघळतो. अशी माणसं असतात. उबग येतो.

२४ जुलै

उत्तर दिलं नाही.

३० जुलै

रोडेलने माफी मागितली. वीस सेकंदांचा व्हिडिओ, गाडीत बसून काढलेला. "पेटी मीच दिली होती. सगुण चोर नाही." आधीचा चार लाखांनी पाहिला, हा नऊशेंनी. माणसांना घाणच आवडते. ते असो, त्याने सांगितलं. विषय मिटला.

लगेच लिगायाला लिहिलं — "टेप माझ्याकडे सुरक्षित आहे. पंधरा दिवसांत तुझ्या वडिलांचं गाणं तुला मिळेल. हे माझं वचन."

तिने नुसती रडणारी तोंडं पाठवली, दहा-बारा.

२ ऑगस्ट, शनिवार

पेटी घेऊन म्हापशाला स्वप्नीलकडे. त्याचा साउंड भाड्याने देण्याचा धंदा. देवळातल्या भजनाला माईक मी त्याच्याकडूनच नेतो. त्याच्या गोदामात डॅटचं एक जुनं मशीन पडलंय, ते मला ठाऊक होतं. कोरगावहून म्हापशाला जायचं म्हणजे आता शिक्षा आहे. विमानतळ झाल्यापासून जो तो इथं जमीन बघायला येतो आणि रस्त्याची पार वाट लावून जातो.

मशीन चालू होईना. हेड घाण झालेलं. स्वप्नील म्हणाला, उद्या ये, स्पिरिटने पुसून ठेवतो. पेटी त्याच्याकडे ठेवायला सांगत होता. मी मांडीवर घेऊन परत आलो.

३ ऑगस्ट, रविवार

पहिली टेप लागली. पहिल्याच ठोक्याला अंगावर काटा! ते थिएटर, खालून येणारी जनरेटरची घुमघुम, बँडमधल्या बॉयचे ड्रम, आणि नोनोय. पाचही टेपा ऐकल्या. एकही कुठं खराब नाही. स्वप्नील कदेलीवरून उठून म्हणाला, "सगुणबाब, हे तुमी केल्लें? दोन ट्रॅकार?" हो, मीच केलं! वर्षानुवर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग सहावी लावली.

मातीच्या घुमटाचा ठोका. शामेळ. झांजा. अकरा माणसं बेंबीच्या देठापासून आरती म्हणतायत. त्यात माझाही आवाज, सगळ्यांच्या वर, बेसूर.

पुढं पळवली. आरती. अजून पुढं. आरती, मग "मोरया!" मग भांड्यांचा आवाज, मग काही नाही. शेवटपर्यंत काही नाही. पुन्हा पहिल्यापासून लावली. स्वप्नीलला वाटलं मी चुकीची टेप आणली. "खंयची आरती ही? बरी वाजयल्या," म्हणाला.

डबीवर सहा. माझ्याच हातचा सहा.

४ ऑगस्ट

थू.

६ ऑगस्ट

आता सगळं आठवतंय. आठवू नये म्हटलं तरी आठवतंय.

बाबा वारल्यानंतरची दुसरी चवथ. आम्ही अलास्कात, बाहेर ऑगस्टात स्वेटर. आवयने फोनवर सांगितलं होतं, "घरात दादलो मनीस ना, आरतेक घुमट वाजोवपी ना. गणपतीमुखार हांव आनी विमलाच." तेव्हा मी म्हटलं, आये, रड नको, मी आरती धाडतो. क्रू मेसमध्ये आम्ही अकरा गोंयकार जमलो. ज्यूसच्या मशीनवर गणपतीचं चित्र चिकटवलं. डिचोलीचा शंभू बोटीवर कुक होता, त्याने टॉवेलात गुंडाळून घुमट आणलेलं. चामडं थंडीने सैल पडलं म्हणून ओव्हनपाशी धरून तापवत होता. आणि मी थिएटरमधून मशीन उचलून आणलं. आत टेप होतीच. नोनोयला ऐकवायला पहिल्यापर्यंत गुंडाळून ठेवलेली. कुठली टेप आहे ते काढून बघितलंसुद्धा नाही. आरतीची वेळ टळेल म्हणून घाई! लाल दिवा लागला की झालं.

नंतर आरती कॅसेटवर उतरवून घेतली आणि टेप जी एक डबी उघडी पडली होती तिच्यात टाकली. सहाच्या.

कॅसेट आवयला पोचली. मी नसायचो त्या प्रत्येक चवथीला ती वाजायची. शेजारची माणसं मुद्दाम ऐकायला यायची. नोनोयच्या पोरीचं गाणं पुसून केलेली आरती अख्ख्या वाड्याने हात जोडून ऐकली, आणि मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा!

दोन दिवसांनी नोनोय उतरला. डोळे हळदीसारखे पिवळे. जिन्यात माझा हात धरून म्हणाला, "ते गाणं सांभाळ." मी म्हटलं, "सांभाळलंय."

रोडेलला आज मेसेज केला — सहाव्या टेपेला बुरशी लागलीय, वेळ लागेल. बुरशी! माझी मलाच किळस येते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कुणाला तरी सांगायला हवं होतं. घरी धीर झाला नाही. बस पकडून डिचोलीला शंभूकडे गेलो. बसस्टँडजवळ त्याची खानावळ आहे. दुपारची गर्दी, शंभू गल्ल्यावर घामाघूम. सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला मेला! "आरे, ती आरती? कितें वाजयल्ली रे आमी!" गिऱ्हाइकांना सांगायला लागला. मला त्याच्या रश्शात बुडवावासा वाटला.

मग गल्ला बंद केला. म्हणाला, "नोनोय थंयच आसलो, सगुण. दारांत उबो रावन ताळयो वाजयतालो. म्हज्या हातचे तीन मोदक खाल्ले ताणें."

हे मी विसरलो होतो. साफ विसरलो होतो. दारात उभा राहून तो टाळ्या वाजवत होता आणि समोर माझं मशीन त्याचं गाणं पुसत होतं.

जेवलो नाही. शंभूने मासे बांधून दिले, ते बसमध्येच विसरलो.

१४ ऑगस्ट

रोडेलने ईमेल पाठवलाय. "ब्रो, टेपेची काळजी सोड. कंपनीने मार्ग काढला." सोबत एक गाणं. शब्द नोनोयच्या वहीतले, चाल रोडेलला जेवढी आठवली तेवढी, आणि आवाज कॉम्प्युटरने केलेला! तिन्ही रेकॉर्डी त्याला ऐकवल्या आणि नोनोयसारखं गायला शिकवलं म्हणे.

हेडफोन लावून ऐकलं. घासूनपुसून गुळगुळीत आवाज. दुसऱ्या कडव्यात कुठं चिरत नाही, कुठं श्वास अडत नाही. वर जुनं वाटावं म्हणून मागे खरखर घातलीय. अरे गाढवांनो, डॅटच्या टेपेला खरखर नसतेच! आणि जनरेटरची घुमघुम कुठाय? मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द कोंबायचे आणि वर त्याला मीठमसाला लावायचा. हेडफोन काढून फेकला, तो विमलाच्या तांदळाच्या सुपात पडला.

शेवटी एक कागद. 'मी खाली सही करणार जाहीर करतो की सदर गाणं ऑगस्ट २००६ मध्ये मी स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या मूळ टेपेवरून घेतलेले आहे.' खाली माझं नाव. नाव! एकोणीस वर्षं नव्हतं, आता आलं!

१६ ऑगस्ट

रोडेलला फोन केला. तोंडाला येईल ते बोललो. मराठीत, कोंकणीत, बोटीवरच्या शिव्यांत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सगुण, बुरशी एकाच टेपेला लागत नाही. पुसलीस ना?"

मी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"मग असं कर. तूच सांग तिला. काय झालं, कसं झालं. मी नाही सांगणार. ती आठ वर्षांची असल्यापासून मला विचारतेय, माझ्याच्याने होणार नाही."

हा माणूस आधी मला तिरस्कार करण्याजोगा वाटत होता. आज तोही आधार गेला.

२० ऑगस्ट

लिगायाला पत्र लिहायला बसलो. 'प्रिय लिगाया, आमच्याकडे चवथ नावाचा सण असतो' — फाडलं. 'प्रिय लिगाया, माझी आई रडत होती' — हे तर लाज सोडणं झालं. आईच्या पदराआड लपायचं, या वयात! फाडलं. 'तुझ्या वडिलांचं गाणं मी पुसलं.' एवढंच लिहिलं आणि बघत बसलो. पुढं काय लिहिणार? तेही फाडलं.

ते गाणं निदान आठवावं म्हणून डोळे मिटून प्रयत्न केला. पहिली ओळ गुणगुणायला गेलो, तोंडातून आरतीच आली.

२१ ऑगस्ट

गौरवीला कळलं. टोपलीतले कपटे तिने जोडून वाचले, रोडेलचा ईमेलही. रागावेल वाटलं होतं. पायाशी येऊन बसली. "बाबा, तिका खरें सांग. आयजच सांग."

मी म्हटलं, ती रडेल.

"रडूं दी. हांव ल्हान आसतना तुजो फोन येतालो, लायनीर खरखर, मदीं मदीं तुजो आवाज तुटटालो. कोणें तो फोन साफ करून दुसऱ्याच मनशाच्या आवाजान म्हाका आयकयल्लो जाल्यार? म्हाका नाका आसलो तसलो."

पोरगी शहाणी झालीय. मी म्हटलं, सांगतो. चवथीआधी सांगतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

सांगितलं नाही.

आज लिगायाचा आवाज आला, व्हॉइस मेसेज. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. दबका, जरा नाकातला. "तितो सगुण, कंपनीने गाणं ऐकवलं. तुमच्या टेपेवरून साफ केलंय म्हणाले. मम्मीला ऐकवलं, ती खूप रडली. बऱ्याच वर्षांनी पपांचं नाव घेतलं तिने. तुमचा सहीचा कागद अजून आला नाही म्हणतात. कधी पाठवाल? मीही वाट बघतेय."

आता कसं सांगू? आई रडली म्हणते. आता गाणं काढून घ्यायचं तिच्या हातून? एकदा पुसलं ते पुसलं, परत दुसऱ्यांदा पुसायचं?

२६ ऑगस्ट

गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला पेडण्याच्या बाजारात. नारळ, सुपारीचा कात्रा, रानातली कांगलां. माणसं नुसती एकमेकांना ढकलतायत. एका दिल्लीवाल्याने गाडी थेट भाजीवालीच्या पाटीला लावली आणि वर तिलाच डोळे वटारतो! मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोक म्हणाले, जाऊ दे काका. भाजीवालीसुद्धा म्हणाली, जाऊ दे.

खरं म्हणजे मला कुणाच्या तरी अंगावर धावून जायचंच होतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. चवथ

त्या वर्षीही चवथ सत्तावीस ऑगस्टलाच होती.

घर भरलंय. चुलतभाऊ, भावजया, त्यांची मुलं. घुमटं तीन. आरतीला सगळे रंगात आलेले आणि मी तोंड हलवत उभा. आवाज काढलाच नाही. विमलाच्या लक्षात आलं.

आरती झाली. पानं मांडायची गडबड. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतून आठवण — आज शेवटचा दिवस, उद्या छपाई. मी देवाच्या खोलीतच उभा होतो. जनेलातल्या उजेडाकडे वळलो. कागद उघडला. सही बोटाने करायची असते त्यात. 'सगुण' असं वाकडंतिकडं उमटलं. पाठवलं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

पोरीसाठी केलं, असं लिहिणार होतो. तिच्या आईसाठी. थोडं तसं आहेही. पण इथं तरी खोटं लिहू नये. चार लाख लोकांनी चोर म्हटलं ते सहन झालं नाही, कारण मी चोर नव्हतो. उद्या त्यांनी म्हटलं असतं, गोव्याच्या माणसाने नोनोयचं शेवटचं गाणं पुसलं, तर ते खरं असतं. त्याला मी भ्यालो.

"बाबा, जेवपाक ये," गौरवीने हाक मारली. पाच भाज्या, वडे, पातोळ्यो. सगळं खाल्लं. वाढलं ते सगळं खाल्लं.

३१ ऑगस्ट, रविवार

पाच दिवसांचा गणपती, आज पोचवला. ओहोळावर पाणी भरपूर. परत येताना गौरवीने विचारलं, "बरयलें मरे तिका?"

मी म्हटलं, "हय."

"कितें म्हणालें तें?"

म्हटलं, "बरें म्हणालें." तिने माझा हात धरला, घरापर्यंत सोडला नाही. आत आल्यावर मोरीत जाऊन हात धुतला.

२ सप्टेंबर, मंगळवार

लिगायाचा मेसेज. आहे तसा उतरवतो.

"तितो सगुण, आता सांगायला हरकत नाही. ते गाणं ऐकलं तेव्हा मला तो आवाज पपांचा वाटलाच नव्हता. मम्मीला बोलले नाही. पण रोडेलना सांगितलं होतं, मी तुमच्यातल्या कुणावर विश्वास ठेवणार नाही, गोव्याच्या काकांनी सही केली तरच मानीन. सही पाहिली. मीच चुकले होते. आता रोज झोपताना ऐकते."